लॅमिनेट केलेला रॉक अँड रोल

"लॅमिनेशन केलं म्हणून काय बिघडलं रे? उलट टिकलंय! शंभर वर्षं काही होणार नाही याला!"

"तेच तर म्हणतोय, काका. शंभर वर्षं हा कचरा कुजणारसुद्धा नाही."

कचरा म्हटल्याबरोबर सुमंतकाकांच्या हातातलं पोस्टर थरथरलं आणि पत्र्यासारखं वाजलं. जुना कागद असा वाजत नाही. जुना कागद कुरकुरतो, हा खणखणत होता. देवने कपाळाला हात लावला. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या त्या गालिचा घातलेल्या बेसमेंटमध्ये, पिंगपाँगच्या टेबलावर, एकशे बारा पोस्टरं आणि तीनशेच्या वर तिकिटं पसरली होती. सगळी प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद. वर कडा कात्रीने छान गोल कापलेल्या.

"कडा कोणी कापल्या?"

"मीच. हाताला टोचायच्या. का?"

"काही नाही. पंचनामा करतोय."

आता हे सुमंतकाका कोण, तर गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर. पंच्याहत्तर साली डेट्रॉइटला एम.एस. करायला आले, खिशात दमडी नव्हती, म्हणून ओरिओल बॉलरूम नावाच्या एका क्लबात दारावर तिकिटं फाडायला लागले. रॉक अँड रोलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कानात कापसाचे बोळे घालून उभे राहायचे. पण फुकट मिळालेली वस्तू टाकायची नाही, हे घरून शिकून आलेले. शो संपला की भिंतीवरचं पोस्टर, खालची अर्धी तिकिटं, ड्रमरने फेकलेली काठी, जे हाताला लागेल ते घरी. त्यातला 'रस्ट अपॉसल्स' नावाचा बँड पुढे फार मोठा झाला. त्याचा गायक डेल रॅडक्लिफ ऐंशी साली मेला, आणि मेल्यावर जास्तच महाग झाला.

इथपर्यंत काकांचं नशीब जोरावर होतं. मग नव्वद साली कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसच्या सेलमध्ये त्यांना चाळीस डॉलरला लॅमिनेशनचं मशीन मिळालं. आपल्या माणसाच्या हातात लॅमिनेशनचं मशीन पडलं की काय होतं, ते कुठल्याही मराठी घरातली मार्कशीटची फाइल उघडून बघा. काकांनी आधी मार्कशीटं केली, मग लग्नपत्रिका, मग आरत्यांचा कागद, मग मुलीच्या, म्हणजे नीनाच्या, लसीकरणाचं कार्ड. घरातला कागद संपला तेव्हा बर्फ पडत होतं आणि बाहेर जाता येत नव्हतं. मग त्यांनी ट्रंका उघडल्या. तीन हिवाळे मशीन चालू होतं.

आणि हा देव? सतरा वर्षांचा. फेब्रुवारीत हायस्कूल सोडून बसलेला. काउन्सेलर बाईंनी विचारलं, "तुझं पॅशन काय?" याने खरंखरं सांगितलं की जुन्या कॉन्सर्टचे टी-शर्ट आणि तिकिटं. बाईंनी मान डोलावली आणि दात साफ करण्याच्या कोर्सचं माहितीपत्रक त्याच्या हातात दिलं. याने ते तिथल्या तिथे फाडलं आणि पार्किंग लॉटमधून जो निघाला, तो परत वर्गात गेलाच नाही. डोकं असं तापट. पण डोळा, डोळा मात्र घारीचा. टी-शर्टच्या बाहीची शिवण बघून सांगायचा की हा ब्याऐंशीचा आहे की मागच्या वर्षी कोणीतरी चहात भिजवून जुना केलाय. गॅरेज सेलमधून दोन डॉलरला उचलायचा, ऑनलाइन ऐंशीला विकायचा.

बाबांना ते पटत नव्हतं. बाबा म्हणजे अमित, गाड्यांच्या सीटबेल्टवर बावीस वर्षं काम केलेला माणूस, जोखीम म्हणजे काय ते त्यांना फक्त टेस्टिंगपुरतं माहीत. त्यांनी ऑक्टोबरची मुदत दिली होती. "खरी नोकरी दाखव. पगाराची. नाहीतर ऑक्टोबर संपला की त्या सोमवारी सकाळी आठ वाजता अ‍ॅडल्ट एज्युकेशनच्या वर्गात. मी स्वतः सोडायला येणार."

आणि देवने नोकरी जवळजवळ मिळवली होती. क्लीव्हलँडमध्ये वॉल्ट कोझलोव्स्की नावाच्या माणसाचं छोटं लिलावघर होतं, फक्त रॉकच्या वस्तूंचं. वॉल्टने फोनवर सांगितलं होतं, "मला एक दमदार कलेक्शन आणून दे, पोरा. एकच. टेबल-खुर्ची तुझी." देवने त्याला सुमंतकाकांच्या कलेक्शनचे फोटो पाठवले. काकांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले. फोटोत सगळं चकाकत होतं. देवला वाटलं, काचेच्या फ्रेममध्ये आहे. आपल्या डोळ्याची एवढी शेखी मिरवणारा पोरगा, आणि वस्तू हातात न घेता अठ्ठेचाळीस फोटो पुढे ढकलून मोकळा झाला.

आज गुरुवार. काकांनी देवसमोर ट्रंका पहिल्यांदा उघडल्या त्या आत्ता. वॉल्ट येणार शनिवारी अकरा वाजता. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार.

"कॅन्सल करू," देव म्हणाला. "मी सांगतो त्याला, बेसमेंटमध्ये पाणी भरलं."

"कॅन्सल?" काकांनी फोन काढून त्याच्या नाकासमोर धरला. महाराष्ट्र मंडळाच्या सगळ्यांना गेलेली ईमेल. वर समई, मधे इलेक्ट्रिक गिटार, खाली लिहिलेलं: 'मूल्यांकन सोहळा. अल्पोपाहाराची सोय आहे.' "अठ्ठावीस लोकांनी हो कळवलंय. श्रीराम येतोय. मी त्याला हाफ मिलियन सांगून बसलोय!"

"हाफ मिलियन? काका, हे लॅमिनेट नसतं ना, तरी ऐंशी-नव्वद हजार. आता हे..."

"आता किती?"

देवने टेबलाकडे बघितलं. "प्लॅस्टिक रिसायकल करणारे घेतील का, विचारावं लागेल."

काकांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला, आणि तो त्यांच्या रागापेक्षा भयंकर. "गोंद उष्णतेने लागतो ना? मग उष्णतेने सुटणार. साधं लॉजिक." त्यांनी इस्त्री आणली. देव नको नको म्हणत असताना त्यांनी अठ्ठ्याहत्तरचं एक तिकीट इस्त्रीखाली घातलं. दहा सेकंदांत तिकीट कडेने वर आलं, मधे फुगलं आणि तपकिरी झालं.

वरून नीलाकाकूंचा आवाज आला. "अहो, पापड भाजताय का खाली?"

*

शनिवारी ड्राइव्हवेमध्ये आणि त्याच्या बाहेर रस्त्यावर चौदा गाड्या होत्या, सगळ्या करड्या किंवा पांढऱ्या. वॉल्टची गाडी पंधरावी, जांभळी. साठीचा माणूस, पांढरी वेणी, बोटात निळ्या खड्याची जाडजूड अंगठी. दारात बुटांचा ढीग बघून त्याने न सांगता बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. बायकांच्या ते लगेच लक्षात आलं.

बेसमेंटमध्ये काकांनी पिंगपाँगच्या टेबलावर पैठणीच्या रंगाचा कपडा टाकला होता. मंडळी खुर्च्यांवर. पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष श्रीरामकाका, रिटायर्ड हार्टचे डॉक्टर, हातात कागदाची ताटली. शेजारी देवचे बाबा, ताठ.

काकांनी कपडा ओढला. टाळ्या पडल्या.

वॉल्टने एक पोस्टर उचललं. उजेडाकडे तिरपं धरलं. नखाने कडेवर टकटक केलं. दुसरं उचललं. तिसरं उचललंच नाही. खोलीत फक्त चिवडा खाल्ल्याचा आवाज.

"हे कोणी केलं?" त्याने इंग्रजीत, दवाखान्यात विचारतात तसं विचारलं.

"मी, स्वतः," काका म्हणाले. शेवटपर्यंत त्यांना कुठेतरी आशा होती. "बेस्ट क्वालिटी. आतमध्ये एक बुडबुडा दाखवा."

"बुडबुडा नाहीये," वॉल्टने कबूल केलं. मग तो देवकडे वळला. त्या नजरेत जे होतं, ते देवला फोटो पाठवतानाच दिसायला हवं होतं. "तीन तास गाडी चालवली मी, पोरा. या जेवणाच्या टेबलावर ताटाखाली ठेवायच्या चटया आहेत. चांगल्या आहेत. ओल्या फडक्याने पुसता येतील."

मागच्या रांगेत कोणीतरी हळूच विचारलं, "चटई कितीला एक देतील?"

श्रीरामकाका देवकडे झुकले. त्यांनी आवाज खाली आणला, पण अठ्ठावीस जणांना ऐकू जाईल इतकाच. "शाळा पुरी केली असती तर हे आधी कळलं असतं, नाही का?"

"शाळेत लॅमिनेशन शिकवत नाहीत, श्रीरामकाका. तुम्ही मंडळाचं नाटक अर्धं पाहून उठता, तेव्हा कुठे म्हणतो मी काही?"

"देव!" बाबा म्हणाले. बाबा दिवसभरात एवढंच बोलायचे, पण वेगवेगळ्या चालींत. आजच्या चालीत सोमवार आठ वाजता ऐकू येत होता.

सुमंतकाका पोस्टरं एकावर एक रचत होते. कडा जुळवून. वाईट वाटावं असं दृश्य होतं, पण देवला राग जास्त आला होता. काकांचा, वॉल्टच्या अंगठीचा, स्वतःचा तर फारच.

*

पाहुणा उपाशी जाऊ द्यायचा नाही, म्हणून नीलाकाकूंनी वॉल्टला वर किचनमध्ये बसवला. बटाटेवडा, लसणाची चटणी, चहा. वॉल्टने तीन वडे खाल्ले आणि चौथ्याकडे बघत बसला. दहा-बारा मंडळी मागोमाग वर आली, कारण फजिती झालेली माणसं खाताना बघायला सगळ्यांनाच आवडतं.

काकूंनी मसाल्याचं कपाट उघडलं. देव समोरच उभा होता. दाराच्या आतल्या बाजूला चार कोपऱ्यांना टेप मारून एक कागद लावलेला. पिवळा पडलेला, तेलाचे डाग, वर निळ्या बॉलपेनने काहीतरी बारीक मराठीत लिहिलेलं. ते कोणालाही दिसलं असतं. देवला त्याच्या खालचं दिसलं. कागदाच्या पाठीमागून काळ्या मार्करची शाई उमटली होती. उलटी अक्षरं. जाड, उजवीकडे पडल्यासारखी, आणि R चा पाय लाथ मारल्यासारखा लांब.

"काकू, हा कागद... काढू?"

"हात पुसलेस का आधी? चटणी आहे हाताला."

त्याने हात पुसले, धुतले, परत पुसले. बटरच्या सुरीने टेप उचलली. कागद उलटा केला.

अकरा गाण्यांची यादी. शेवटच्या ओळीखाली तीन वेळा रेघ. आणि कोपऱ्यात सही. स्टेजवर गायकाच्या पायाशी चिकटवलेली सेटलिस्ट, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, खरीखुरी. लॅमिनेट न केलेली.

वॉल्टच्या हातातला वडा ताटलीत पडला. "रॅडक्लिफचा हात," तो म्हणाला. "तो R बघ. आई शप्पथ, तो R बघ."

"हा इथे कसा राहिला?" देवने मराठीत विचारलं.

"राहिला कसा म्हणजे? मी ठेवला म्हणून," काकू म्हणाल्या. "एकोणऐंशीला नवी नवी आले. यांना गोडा मसाला पाहिजे आणि मला येत नाही. आई शेजारच्या जोशांच्या फोनवर आली होती, तीन मिनिटांचा कॉल, ती धापा टाकत प्रमाण सांगतेय, आणि या घरात एक कोरा कागद नाही! फोनजवळ हा पडला होता. घेतला उलटा आणि लिहिलं. हे तीन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. नंतर मशीन आणलं तेव्हा हाही घालायला निघाले होते. म्हटलं, आईच्या मसाल्याला हात लावाल तर बघा."

हे सगळं मराठीत. वॉल्टला एक अक्षर कळलं नाही. तो तोपर्यंत कागदाची मागची बाजू बघत होता, आणि त्याचे डोळे मोठे मोठे होत चालले होते.

"हे... संस्कृत आहे?"

दहा-बारा मराठी माना नुसत्या कागदाकडे वाकल्या.

"अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात रॅडक्लिफ चार महिने गायब होता," वॉल्ट म्हणाला. आवाज देवळात असल्यासारखा. "कोणालाच माहीत नाही कुठे. इंडियात गेला होता म्हणायचे, कुठल्याशा गुरूकडे. पुरावा नव्हता." त्याने बोट त्या निळ्या अक्षरांवर, न टेकवता, फिरवलं. "ही नुसती सेटलिस्ट असती तर दोन हजार. पण हे मागचं त्याचं असेल, तर तीस. तीस हजार, बोली सुरू होतानाच. कोणी वाचू शकतं का हे?"

श्रीरामकाकांनी घसा साफ केला. नाकावर चष्मा चढवला. ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते, बेचाळीस वर्षं डॉक्टरकी केली होती. त्यांनी फक्त शब्द न् शब्द इंग्रजी केला आणि आकडे गाळले.

"स्टोन फ्लॉवर," ते गंभीरपणे म्हणाले. म्हणजे दगडफूल. मग जरा थांबून, नागकेशर: "कोब्रा... सॅफ्रन."

"ओ माय गॉड," वॉल्ट खाली बसला.

"डार्क पेपर. अँड देन, सेसमी. रोस्टेड, स्लोली." श्रीरामकाकांनी डोळे मिटले. "इट इज अबाउट बॅलन्स."

"अहो, श्रीरामभावजी!" कढईसमोरून काकू ओरडल्या. "माझ्या आईचं प्रमाण आहे ते!"

"नीला," सुमंतकाका म्हणाले. गुरुवारपासून मेलेला चेहरा त्यांचा, त्यात आता रंग भरत होता. "वडे बघ. जळतायत."

आणि मग त्या किचनमध्ये, वॉल्टच्या डोक्यावरून, सगळ्यांच्या तोंडावर हसू ठेवून, चर्चासत्र सुरू झालं. पाहुण्याकडे बघून मान डोलवायची आणि मराठीत भांडायचं, ही आपल्याकडची जुनी कला.

"खोटं कोण बोलतंय? तो स्वतःच म्हणाला संस्कृत."

"आपण फक्त नाही म्हटलं नाही."

"आणि गिऱ्हाईक कोण असणार? कोणीतरी टेकवाला अब्जाधीश. त्याला काय फरक पडतोय?"

"मंडळाला दहा टक्के दे हो, सुमंत. हॉलचं भाडं वाढलंय."

"उलट संस्कृतीचा प्रसारच आहे हा."

काकू कढईतून वडे काढत होत्या, झारा जोरात आपटत. "दोन पोरी पदरात घेऊन, भाड्याच्या खोलीत, पाट्यावर वाटायची माझी आई," त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "आणि नाव कोणाचं? त्या दारुड्याचं."

वॉल्टला वाटलं, त्या त्याला वडा हवाय का विचारतायत. त्याने थँक यू म्हटलं. मग उठला आणि त्याने देवच्या खांद्यावर हात टाकला. "चटयांचं मी विसरलो. खोलीभर माणसं होती, आणि हे तुला दिसलं. कपाटाच्या दारावर! सोमवारी क्लीव्हलँडला ये. पगार, इन्शुरन्स, सगळं." त्याने खिशातून एक छापील फॉर्म काढला. "वस्तूचं वर्णन तू लिही. काय आहे, कोणाच्या हातचं, कुठून आलं. खाली सही. शोधणाऱ्याने सही केली की गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. आणि तू इंडियन आहेस. सोन्याहून पिवळं."

बाबा गर्दीतून पुढे आले. त्यांचा चेहरा देवने असा कधी पाहिला नव्हता, अगदी लहानपणी सायकल शिकला तेव्हासुद्धा नाही. त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. "कर सही," ते मराठीत म्हणाले. "इन्शुरन्सपण देतोय. देव, डोकं शांत ठेव आणि कर."

डोकं शांत ठेव म्हणजे काय, ते देवला माहीत नव्हतं, पण त्याने प्रयत्न केला. खरंच केला. फॉर्मवर लिहिलं: सेटलिस्ट, १९७८. रॅडक्लिफचा हात, सहीसह. मग पेन पुढच्या रकान्यावर थांबलं. मागील बाजू.

नोव्हायमधून बाहेर पडायचा रस्ता दोन ओळी लांब होता. शाळा नाही, काउन्सेलर नाही, बाबांचा सोमवार नाही. फक्त लिहायचं. आणि तो लिहिणारसुद्धा होता, हे नंतर त्याने स्वतःशी कबूल केलं. पण तेवढ्यात वॉल्टने सुस्कारा टाकला.

"पहाटे चार वाजता कुठल्या तरी आश्रमात बसून लिहिलं असेल बिचाऱ्याने. बघ ना, अक्षर कसं घाईचं आहे. आत काहीतरी जळत असणार."

आणि श्रीरामकाका म्हणाले, "यस. द फायर विदिन."

संपलं. देवच्या कानशिलात काहीतरी फट्कन तुटलं.

"धणे अर्धा किलो!" तो इंग्रजीतच ओरडला. "सुकं खोबरं पाव किलो! ही रेसिपी आहे, वॉल्ट! फोनवर घेतलेली! घाईचं अक्षर आहे कारण एका मिनिटाला कित्येक डॉलर पडायचे! आणि रॅडक्लिफच्या आयुष्यात बॉलपेन दिसलंय का तुला कधी? तो मार्करशिवाय लिहायचा नाही, तूच सांगितलंस मला! तो R बघतोस आणि हे दिसत नाही तुला?"

श्रीरामकाकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

वॉल्टने देवकडे बघितलं, मग कागदाकडे, मग परत देवकडे. देवला वाटलं, आता हा चिडणार. वॉल्ट चिडला नाही. तो दार लोटून घ्यावं तसा हळू म्हणाला, "हे तुझं मत आहे, पोरा."

"मत? लिहिणारी तिथे उभी आहे! झारा हातात घेऊन!"

"या डॉक्टरांचं मत वेगळं आहे. अजून कोणाला विचारलं तर तिसरं असेल. आमच्या धंद्यात याला मतभेद म्हणतात." त्याने फॉर्म देवच्या बाजूला सरकवला. "मी तो रकाना भरणार नाहीये. तू भर. रॅडक्लिफ लिहिलंस तर सोमवारी भेटू."

म्हणजे त्याला कळलं होतं. बहुतेक आधीपासूनच.

देवने लिहिलं. अक्षर वाईट होतं, पण वाचता येत होतं. मागील बाजू: गोड्या मसाल्याचं प्रमाण. सांगणारी, नीलाकाकूंची आई. लिहिणारी, नीलाकाकू. १९७९. खाली सही, तारीख.

वॉल्टने वाचलं. फॉर्मची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि वेस्ट बास्केटमध्ये टाकला. चौथा वडा पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात ठेवला. बूट घालताना त्याने एकदाच वर बघितलं. "डोळा आहे तुला. बाकी काही नाही." मग त्याची जांभळी गाडी बाहेर काढायला सहा जणांना आपापल्या गाड्या हलवाव्या लागल्या, आणि सहाही जण हलवताना देवबद्दलच बोलत होते.

"गाढवा!" सुमंतकाका किचनच्या मधोमध उभे राहून म्हणाले. "तीस हजार! तुझं काय जात होतं? पुन्हा या घरात पाय टाकू नकोस!"

नीलाकाकूंनी कागद देवच्या हातातून घेतला, पदराने पुसला, आणि कपाटाच्या दारावर होता तिथे परत लावला.  मग एक ताटली देवपुढे सरकवली, आणि नवऱ्याची ताटली उचलून सिंकमध्ये ठेवली.

बाबांनी पेन मागून घेतलं, टोपण लावलं, खिशाला अडकवलं.

"सोमवार," ते म्हणाले. "आठ."

*

सोमवारी आठला तीन कमी असताना देव बाबांच्या गाडीतून उतरला. बाबा निघाले नाहीत. इंजिन चालू ठेवून बसले, पोरगं दारातून आत जाईपर्यंत. समोर बसकी विटांची इमारत, दारापाशी सिगरेट ओढणारी चार माणसं, सगळी त्याच्यापेक्षा दुप्पट वयाची. एकाच्या अंगात रस्ट अपॉसल्सचा टूर शर्ट होता. बाहीला दोन शिवणी, त्या काळी एकच असायची. नकली.

फोन वाजला. सुमंतकाका.

"देव, झालं गेलं सोडून दे. मी बोललो ते रागाने बोललो. ऐक, टेक्सासमधल्या प्लेनोचा एक माणूस आहे. मोठा डीलर, खूप मोठा. काल व्हिडिओ कॉलवर बघितलं त्याने. सेटलिस्ट बघितलीच नाही धड, डायरेक्ट मागची बाजू. रडला, देव! माणूस रडला!"

"तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"मी काहीच नाही सांगितलं. श्रीराम होता कॉलवर. चाळीस म्हणतोय तो. येतोय शुक्रवारी."

"आणि काकू?"

"तिला झेरॉक्स काढून देतो म्हटलंय. लॅमिनेटसुद्धा करून देतो म्हटलं. ती बोलत नाहीये, पण ते काय, होतं अधूनमधून." काकांनी श्वास घेतला. "मुद्दा असा की त्याने विचारलं, हे कोणाला सापडलं. मी तुझं नाव सांगितलं. त्याला माणूस हवाय, देव. डोळा असलेला. प्लेनोला. राहायची सोय करतो म्हणतोय. फक्त शुक्रवारी गप्प बसायचं. बोलायचं काही नाही, लिहायचंही काही नाही. जमेल ना? एवढं जमेल ना तुला?"

बाबांनी हॉर्न वाजवला. एकदाच, छोटा.

"त्याचा नंबर पाठवा, काका."

"शाब्बास! मला माहीत होतं. पाठवतो. तू बोलणार आहेस त्याच्याशी?"

"हो. अर्धा किलो धणे, पाव किलो खोबरं. बाकीचं काकूंना विचारून सांगतो."

"देव! अरे, थांब, ठेवू नकोस, ऐक माझं, साठापर्यंत जाईल तो, देव..."

"आठ वाजले, काका. मला निघायला हवं आता."